मोत्याला विचारून सांगतो

प्रवासात सोबत कशी असावी याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. सोबती फार बोलका नसावा, अगदीच घुमाही नसावा. त्याने खिडकीसाठी भांडू नये, दर स्टेशनावर चहा मागू नये, आणि आपला डोळा लागतो न लागतो तोच स्वतःच्या बढतीची हकीकत सुरू करू नये. या साऱ्या कसोट्यांना उतरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कुत्रा मात्र भेटला.

गेल्या वर्षी भाऊबीज उरकल्यावर मी आमची मोटार घेऊन नागपूरला गेले आणि तिथून माझे वडील, त्यांचा मोत्या आणि मी असे तिघे लोणावळ्याला आलो. अंतर सुमारे पावणेआठशे किलोमीटर. हे अंतर आम्ही तीन दिवसांत कापले असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दया दिसू लागते. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला आहे. माणसे सकाळचा चहा नागपुरात घेतात आणि रात्रीचे जेवण मुंबईत. त्यांना तीन दिवस म्हणजे बैलगाडीचा काळ वाटतो. पण द्रुतगती रस्ता हा पोचण्यासाठी असतो, थांबण्यासाठी नसतो. तेरा वर्षांच्या कुत्र्याला दर दोन तासांनी थांबावे लागते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दर दीड तासाने. म्हणून आम्ही जुना रस्ता धरला. अमरावती, अकोला, खामगाव, चिखली, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, चाकण, तळेगाव. शाळेतल्या भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट फिरवावे, तसे एकेक गाव मागे टाकत आलो.

या प्रवासाला खरी सुरुवात त्याआधी चार वर्षांपूर्वी झाली. बाबा टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. टपाल खाते आणि कुत्रा यांचे हाडवैर जगजाहीर आहे. बाबांच्या हाताखालच्या पोस्टमनांना पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकतच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे आईने पावसात भिजलेले एक पिल्लू पदराखाली झाकून घरी आणले, तेव्हा बाबा आठ दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलले. नवव्या दिवशी पिल्लू त्यांच्या पायावर डोके ठेवून झोपले आणि बाबा पाय न हलवता दोन तास एकच वर्तमानपत्र वाचत बसले. त्या दिवशी निकाल लागला.

आई गेली आणि त्या घरात हे दोघेच उरले. रोज रात्री मी फोन करी. "जेवलात का?" म्हणून विचारले की बाबा सांगत, "हो, आम्ही दोघे जेवलो." आई असतानाही ते असेच सांगत. वाक्य तेच राहिले होते. त्यातला एक जण बदलला होता.

मग एके दिवशी बाबा न्हाणीघरात घसरले. मोडले काही नाही, पण गुडघा दुखावला तो दुखावलाच. मी एकुलती एक मुलगी. "आता इकडेच या," असे मी म्हटले, पुन्हा म्हटले, रागावून म्हटले, रडून म्हटले. प्रत्येक वेळी उत्तर ठरलेले असे: "बघतो. मोत्याला विचारून सांगतो."

ही थट्टा नव्हती, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही पिऊ नये, असे मानणारी पिढी आपल्याकडे होऊन गेली. बाबा त्या पिढीचे नव्हेत. पण त्या पिढीने वाढवलेले आहेत. माझ्या घरी ते येत. पण चार दिवस झाले की परतीचे तिकीट खिशातून काढून पुन्हापुन्हा बघत. लेकीकडे पाहुणा म्हणून जायचे असते. लेकीकडे राहायला जायचे म्हणजे आपले सारे संपले, अशी कबुली द्यायची. एवढा मोठा अर्थ एका फोनवर कोण बोलून दाखवणार? त्यापेक्षा मोत्याला विचारणे सोपे.

यातून वाट काढली ती माझ्या यजमानांनी. एका रात्री माझ्या हातातून फोन घेऊन ते म्हणाले, "बाबा, आमच्या लोणावळ्याच्या घराला अंगण आहे, कुंपण आहे. मोत्याला आता जिना चढवत नाही ना? त्याला इकडे पाठवा. फक्त एक अडचण आहे. आम्ही दोघे कामाला बाहेर, मुलगा शाळेत. त्याच्याजवळ दिवसभर कोणीतरी लागेल." पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिसऱ्या दिवशी बाबांचाच फोन आला: "मोत्याचे म्हणणे पडले, जाऊ या."

आता न्यायचे कसे? रेल्वेने कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्यासाठी राखून घ्यावा लागतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात होते. ते ऐकून बाबा म्हणाले, "मी जन्मभर पार्सले पाठवली. मोत्या पार्सल नव्हे." म्हणून मोटार.

मोटार आणि कुत्रा ही जोडी तशी जुनी आहे. १९०३ साली अमेरिकेत होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या एका डॉक्टराने पन्नास डॉलरांची पैज मारली, की मी मोटारीने हा देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडून दाखवतो. बरोबर सूअल क्रॉकर हा मेकॅनिक होता. वाटेत त्यांना बड नावाचा एक बुलडॉग मिळाला. धुळीने त्याचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला स्वतःसारखाच मोटारीचा चष्मा घातला. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला पोचायला त्यांना त्रेसष्ट दिवस लागले. मोटारीने अमेरिका ओलांडणारी ही पहिली मंडळी. त्या कुत्र्याचा चष्मा आजही त्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे. पुढे १९६० साली जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार चार्ली नावाच्या आपल्या म्हाताऱ्या पूडलला घेऊन आपलाच देश बघायला निघाला आणि १९६२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. या दोन्ही प्रवासांत मला एक गोष्ट सारखी दिसते. एकट्या परक्या माणसाकडे लोक संशयाने बघतात; त्याच्याजवळ कुत्रा असला की जवळ येऊन बोलू लागतात.

आमचाही अनुभव तोच. जनावरांच्या डॉक्टरांनी निघताना चार गोष्टी बजावल्या होत्या. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका. पाणी घरचेच द्या आणि थोडे थोडे द्या. लस टोचल्याचा दाखला हाताशी ठेवा. आणि काही झाले तरी काचा बंद करून त्याला मोटारीत एकटे सोडू नका. उन्हात उभी केलेली मोटार बघता बघता भट्टी होते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकते. या शेवटच्या सूचनेने आमच्या प्रवासाचे रूपच पालटले. दोघांनी मिळून कुठल्याही हॉटेलात आत जाऊन बसायचे नाही, म्हणजे बाहेर झाडाखाली बसायचे. आणि बाहेर बसले की गाव भेटते.

मागच्या बाकावर आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरली होती. मोत्या तिच्यावर बसला तो नाक खिडकीच्या फटीत घालून. अमरावतीच्या अलीकडे कापसाच्या ढिगांनी फुगलेल्या गाड्या लागल्या. प्रत्येक गाडी ओलांडताना मोत्या हवा हुंगायचा आणि बाबा त्याला सांगायचे, "कापूस आहे रे." पुढे मलाही समजले, की मी बाबांना कुठलीच गोष्ट दाखवत नव्हते, बाबा मोत्याला दाखवत होते आणि मी ऐकत होते. एरवी माझ्या मोटारीत मुकाट बसून राहणारे माझे वडील, अकोला येईपर्यंत अखंड बोलत होते. त्यांनी कुठल्या गावच्या पोस्टात किती वर्षे काढली, कुठे पुरात टपालाच्या पिशव्या डोक्यावरून नेल्या, कुठे आईला पहिल्यांदा नोकरीच्या गावी आणले, हे सारे त्या कुत्र्याला सांगून झाले. चाळीस वर्षे मी त्यांची मुलगी आहे. त्यातले निम्मे मी प्रथमच ऐकले.

एकच काळजी होती. मोत्या खात नव्हता. पाणी प्यायचा, पण घरून आणलेल्या पोळीकडे बघून मान फिरवायचा. बाबांनीही मग अर्धी पोळी खाऊन डबा मिटला.

पहिल्या मुक्कामाला खामगावच्या बाहेर एका लॉजशी थांबलो. मॅनेजर सभ्य गृहस्थ होता. त्याने आमच्याकडे बघितले, मोत्याकडे बघितले आणि म्हणाला, "तुम्ही दोघे वर या. खोली चांगली आहे. कुत्रे मात्र बाहेर ठेवावे लागेल."

बाबा शांतपणे म्हणाले, "मग ही वर येईल. आम्ही दोघे बाहेर झोपतो."

मी मराठी शिकवते. महाभारत माझ्या डोक्यातून कधी फारसे लांब नसते. महाप्रस्थानिक पर्वात सगळे भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडल्यावर युधिष्ठिर एकटा उरतो आणि मागे एक कुत्रा चालत येतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चल, कुत्रा नको. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही नको. खामगावच्या मॅनेजरला इंद्राची भूमिका करायची काहीच हौस नव्हती. तो डोके खाजवत उभा राहिला. शेवटी लॉजच्या पहारेकऱ्याने मागच्या पडवीतली आपली बाज बाबांना दिली, मला तळमजल्यावरची सामानाची खोली उघडून दिली, आणि मॅनेजरने नोंदवहीत लिहिले: 'माणसे दोन, कुत्रा एक.' महाभारतातला कुत्रा शेवटी साक्षात यमधर्म निघतो. आमचा मोत्या बाजेखाली तीनदा स्वतःभोवती फिरला आणि घोरू लागला.

त्या रात्री मला त्या कथेतली एक गोष्ट लख्ख दिसली. युधिष्ठिराजवळ त्या वेळी उरले काय होते? राज्य सोडून दिलेले, भाऊ गेलेले, बायको गेलेली. जगात त्याच्यावाचून ज्याचे अडेल असा एकच जीव उरला होता. तो जीव सोडून स्वर्गात जायचे म्हणजे नुसता पाहुणा म्हणून जायचे. कुत्र्याला त्याची जितकी गरज होती, तितकीच त्याला कुत्र्याची होती. व्यासांनी हे उघड करून सांगितले नाही. पण बाजेवर पडलेल्या बाबांचा हात खाली मोत्याच्या पाठीवर टेकलेला पाहिला आणि मला ते समजले.

दुसऱ्या दिवशी जालन्याला मोसंबीवाल्याने आपणहून मोत्यासाठी पाण्याचे पातेले भरून दिले. मोसंबीचे पैसे मात्र चोख मोजून घेतले. रात्री अहिल्यानगरला एका ओळखीच्यांकडे उतरलो. मोत्याने तिथेही अन्नाला तोंड लावले नाही. बाबा मला काही बोलले नाहीत, पण मोत्याशी हळू आवाजात बोलत होते. "तुझ्या मनात नसेल तर परत जाऊ," एवढे शब्द मला ऐकू आले. मी कूस बदलून झोपेचे सोंग घेतले. तिथून नागपूर मागे सहाशे किलोमीटर होते आणि लोणावळा पुढे दीडशेच्या वर थोडे. पण त्या रात्री मला मागचेच अंतर जवळ वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाकण ओलांडून तळेगावला आलो आणि मावळात शिरलो. कारखाने, गोदामे, कंटेनरांच्या रांगा संपतात आणि डावीकडे क्षितिजावर डोंगर उभे राहतात. भातकापणी झाली होती. खाचरांत पिवळे धसकटे, बांधावर पेंढ्याच्या गंजी, आणि हवेत तो ओल्या मातीचा आणि वाळल्या पेंढ्याचा वास. नागपूरपासून पहिल्यांदाच मोत्याने खिडकीच्या फटीतून नाक आत घेतले नाही.

द्रुतगती महामार्गाला न लागता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालो. वडगाव लागले तेव्हा मी बाबांना म्हटले, "इंग्रजांची फौज इथेच अडकली, १७७९ साली." बोरघाट चढून ती पुण्यावर चालून आली होती. बरोबर सामान ओढायला हजारो बैल. त्या बैलांच्या चालीने फौज मुंगीसारखी सरकत तळेगावापर्यंत आली, मराठ्यांनी पुढचा मुलूख ओसाड करून ठेवलेला पाहून मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. इथे तिला शरणागतीचा तह करावा लागला. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि मोत्याकडे वळून म्हणाले, "बघ. जनावर बरोबर असले की घाई करून चालत नाही."

कामशेतच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका रिकाम्या खाचरात धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे त्यांचे फिरते बिऱ्हाड. दिवाळीच्या सुमाराला देशावरचे हे मेंढपाळ सह्याद्री उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या आत परत वर येतात. रात्री मेंढरे ज्याच्या शेतात बसवायची त्याला लेंडीखत मिळते, आणि तो शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. कापलेल्या शेताला खत हवे आणि मेंढरांना चारा हवा. दोन गरजा गाठ मारून बांधलेला हा व्यवहार किती शतकांचा आहे कोण जाणे.

आम्ही मोत्याला पाय मोकळे करायला उतरवले आणि तीन धिप्पाड कुत्री आमच्या रोखाने धावत आली. मोत्या बाबांच्या पायांमागे गेला. बाबा काठी टेकून तसेच उभे राहिले. गुडघा दुखत असूनही एक पाऊल मागे सरले नाहीत. एवढ्यात एका धनगराने जिभेने कसलासा आवाज काढला आणि तिन्ही कुत्री जागच्या जागी बसली.

"लांबनं आलाय जणू?" त्याने विचारले.

"नागपूरहून."

"आन् ह्याला गाडीतनं आणलं?"

"म्हातारा झालाय. चालवत नाही," बाबा म्हणाले.

धनगर मोत्याजवळ उकिडवा बसला. त्याने त्याचे दात बघितले, पाय दाबून बघितले, एखाद्या वैद्याने बघावे तसे. पलीकडे एक बाई घोड्यावरचे ओझे उतरवत होती. वाघरीचे जाळे, भांडी, दोन कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर घोंगडीच्या खोळीत बसवलेले कुत्र्याचे एक पिल्लू. बाबा त्या पिल्लाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पिल्लू घोड्यावर नेता. म्हातारे झाल्यावर काय करता?"

"म्हातारं मागनं येतंय," धनगर म्हणाला. "आमी थांबतो."

एवढेच. त्याला हे काही मोठे सांगितले असे वाटले नाही. तो उठून मेंढरांकडे वळला. पण बाबा तिथेच उभे राहिले. त्या बाईने भाकरीचा एक चतकोर मोडून मोत्यापुढे टाकला. मी म्हणाले, "तो खात नाही हो, तीन दिवस झाले." ती म्हणाली, "वाटंचं हाय ते. खाईल." मोत्याने भाकरी हुंगली, आमच्या दोघांकडे बघितले आणि खाल्ली. पुन्हा शेपूट हलवून मागितली. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

पुढे निघालो तेव्हा डावीकडे विसापूर आणि लोहगड उन्हाने तांबूस झाले होते. उजवीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जात-येत आणि हाच मुलूख पायी धुंडाळत. मेंढपाळांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जुन्या वाटा, त्या वाटांवरची देवस्थाने आणि लेणी यांचा संबंध त्यांनी उलगडून दाखवला. त्यांचे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक १९६२ साली निघाले. माणसाने रस्ता आखण्याआधी तो कित्येकदा जनावरांच्या पायांनी पडलेला असतो. खंडाळ्याखाली घाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे, त्याची कथाही हेच सांगते. गोऱ्या साहेबांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली आणि त्याबद्दल त्याला मरण मिळाले, असे लोक सांगतात. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी धावू लागली. आजही जुन्या घाटातून जाणारे ट्रकवाले शिंग्रोबापुढे नाणे टाकून पुढे जातात. मी हे सारे बाबांना सांगितले. आणि बाबांनी, इतक्या दिवसांत प्रथमच, मोत्याला न सांगता मला विचारले, "आपल्याला बघायला नेशील ते देऊळ?"

"आपल्याला" हा शब्द मी मनात नीट घडी घालून ठेवला.

वाटेत इंद्रायणीशी एकदा थांबलो. लोणावळ्याच्या डोंगरात उगवणारी ही नदी इथे अजून ओढ्याएवढीच आहे. हेच पाणी पुढे देहूला आणि आळंदीला जाते, हे बाबांना ठाऊक होते. त्यांनी आधी हात जोडले आणि मग मोत्याला पाण्यात सोडले. तो पोटापर्यंत पाण्यात उभा राहून लपलप प्यायला. देहू-आळंदीच्या आधी आपल्या कुत्र्याने पाणी उष्टे केले म्हणून बाबा जरा अवघडले. मग स्वतःच म्हणाले, "नामदेवाच्या गोष्टीत कुत्रा पोळी घेऊन पळाला, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. पाण्याचे काय घेऊन बसायचे."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. माझ्या मुलाने आजोबांवरून भाकरतुकडा ओवाळला. तो दूर टाकायचा असतो. पण त्याने तो टाकण्यापूर्वीच मोत्याने अधांतरी झेलला. सगळे हसले. म्हाताऱ्या माणसाने लेकीच्या घराचा उंबरठा कायमचा ओलांडायचा तो अवघड क्षण त्या हसण्यात कधी सरला ते कुणालाच कळले नाही. बाबा आत आले ते, "याला अंथरूण कुठे घालायचे?" असे विचारत आले.

आपल्याकडे म्हाताऱ्या आईवडिलांना घरी आणणे हा मोठा विषय आहे. सोयी कोणत्या कराव्यात, खोली कुठली द्यावी, पथ्यपाणी कसे सांभाळावे, याची चर्चा घरोघर होते, आणि ती करायलाच हवी. पण त्या माणसाने आपल्याकडे येताना बरोबर काय आणावे, हे क्वचितच कुणी विचारते. आपण त्यांना सांगतो, "काही आणू नका, सगळे आहे." प्रेमानेच सांगतो. परंतु जिथे सगळे आहे आणि आपल्यावाचून कुणाचे अडत नाही, अशा घरात राहायला कोणाला आवडेल? कुणी तुळशीची कुंडी आणते, कुणी शिवणाचे यंत्र, कुणी देवाचा संपुष्ट. आणायला असे काहीतरी हवे, की ज्याची काळजी दुसऱ्या कुणाला नीट घेता येणार नाही. माझे वडील माझ्याकडे आश्रित म्हणून आले नाहीत. ते आपला आश्रित बरोबर घेऊन आले. एवढ्या एका गोष्टीने त्यांची मान ताठ राहिली.

त्याला आता वर्ष होत आले. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा माझ्या हातात एक पाकीट देतात. त्यावर पोस्टमास्तरी अक्षरात लिहिलेले असते, 'मोत्याचा खर्च'. त्यातली रक्कम कुठल्याही कुत्र्याच्या खर्चाहून बरीच जास्त असते. मी पाकीट घेते आणि पोच म्हणून सही करून देते. पोच नसली तर बाबांचे समाधान होत नाही. शिंग्रोबाच्या देवळात आम्ही दोनदा जाऊन आलो. मोत्या चौदाचा झाला आहे. त्याला डाव्या डोळ्याने आता दिसत नाही आणि पावसाळ्यात त्याची मागची कंबर धरते. तो फार दिवसांचा सोबती नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. बाबांना सर्वांत आधी ठाऊक आहे. परवा ते माझ्या मुलाला मोत्याची औषधे, त्याच्या वेळा, त्याच्या खोडी वहीत लिहून घ्यायला सांगत होते. "मी नसलो तर," असे ते म्हणाले नाहीत. "पुढच्या कुत्र्याला उपयोगी पडेल," असे म्हणाले.

सकाळी दोघे वळवणच्या बाजूला फिरायला जातात. बाबा काठी टेकत चार पावले पुढे जातात आणि उभे राहतात. मोत्या मागून येऊन त्यांच्या पायाशी टेकतो. मग पुन्हा चार पावले. लोणावळ्याचे धुके असले तर आधी काठीचा आवाज ऐकू येतो आणि बऱ्याच वेळाने ते दोघे दिसतात. अलीकडे ओळखीपाळखी झाल्या आहेत. शेजारच्या बंगल्यात नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांनी कालच त्यांना फाटकाशी गाठून विचारले, "कायमचे लेकीकडे राहायला आलात वाटते?"

बाबांनी मोत्याच्या मानेवरून हात फिरवला.

"याला इथली हवा मानवली," ते म्हणाले.